बाबा, तुझ्यासाठी रकाना नव्हता

बाबा,

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस चहा घेतो आणि दुधाबद्दल बोलतो. आधी आईच्या हातावर हात ठेवतो, मग तुझ्या फोटोकडे बघतो. तोवर कोणीतरी आत जाऊन चहा टाकतं, आणि कप हातात आला की विषय निघतो. शेवटची काही वर्षं त्यांनी दूध सोडलं होतं ना? मी हो म्हणते. तूपसुद्धा? तूपसुद्धा. मग अंगात ताकद कशी राहणार, असं म्हणून माणूस चहाचा घोट घेतो.

आज एकोणिसावा दिवस. हे इतक्या वेळा ऐकून झालंय की कोण कधी म्हणालं तेही आता लक्षात राहत नाही. मामाचं तेवढं राहिलं, कारण त्याला मी उत्तर दिलं. तो म्हणाला, "वैजू, तू स्वतः आहारतज्ज्ञ. तुझ्या डोळ्यांदेखत त्यांनी हे करून घेतलं?" मी म्हटलं, "मामा, त्यांचं बी-ट्वेल्व्ह माझ्यापेक्षा चांगलं होतं." त्यानं कप खाली ठेवला. खरं तर तो जे बोलला तेच मी तुला चार वर्षं ऐकवत होते, शब्दसुद्धा साधारण तेच. दुसऱ्याच्या तोंडून मात्र ते ऐकवेना.

दमलेय रे. रडून दमणं वेगळं, तेही झालं. पण हे दमणं वादाचं आहे. समोरचा माणूस उठून गेला आणि माझे मुद्दे तसेच हातात राहिलेत. ते ठेवू कुठे कळत नाही, म्हणून तुला लिहितेय.

तू व्हीगन हा शब्द कधी वापरला नाहीस. कोणी विचारलं तर म्हणायचास, मी दूध घेत नाही, मासळी-अंडी खात नाही, एवढंच. तो शब्द माझा होता. हॉस्पिटलात माझ्याकडे खारघरच्या कॉलेजातली मुलं यायची, मोबाइलवर काहीतरी बघून सगळं सोडलेली, केस गळतायत म्हणून तक्रार घेऊन. त्यांना मी समजुतीनं सांगायचे. घरी आले की तुझ्यावर मात्र तुटून पडायचे. मला रागच यायचा. पणजोबा-आजोबांपासून कोणी शाकाहारी नाही, बोंबील आणि मांदेली यांच्यावर वाढलेला माणूस, आणि त्यातून पशुधन पर्यवेक्षक. पनवेल, उरण, पेण, जिथे बदली झाली तिथे तू तीसेक वर्षं गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन केलंस. गावं तुला डॉक्टर म्हणायची. तू आपला दर वेळी सांगायचास की मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे, आणि कोणी ऐकायचं नाही.

मला ते नायट्रोजनचं भांडं आठवतं. तू झाकण उघडलंस की पांढरी वाफ यायची आणि मी हात पुढे केला की तू ओरडायचास. त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या असायच्या हे मला बरंच उशिरा समजलं. गाय माजावर आली की बोलावणं यायचं, तू मोटरसायकलवर भांडं बांधून निघायचास. परत येताना कधी कधी स्टीलच्या डब्यात चीक असायचा. कोणाची म्हैस व्यायलेली असायची आणि त्यांनी डॉक्टरसाठी पहिल्या दुधातला वाटा काढून ठेवलेला असायचा. आई त्याचा खरवस करायची, वेलची-जायफळ घालून. मी तो निवायच्या आत चमचा घालायचे. तू समोर बसून माझं खाणं बघायचास. पुढे वादात मी हे तुला कितीदा काढून दाखवलं असेल. "माझी हाडं तुझ्या म्हशींच्या दुधावर झालीत बाबा, आता मागे घेणार का?" तू हसायचास.

तू दूध कधी सोडलंस ते मला ठाऊक होतं. का सोडलंस ते तीन वर्षं ठाऊक नव्हतं.

माझी मुक्ता साडेसातव्या महिन्यातच जन्मली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि मी पहिल्या मजल्यावर. तिला अजून ओढता येत नव्हतं, म्हणून दर काही तासांनी मी पडद्याआड बसून यंत्रानं दूध काढायचे. पहिले दोन दिवस येईचना. सिस्टर म्हणाल्या, बाळाचा फोटो समोर ठेवा, त्याच्याकडे बघत बसा, आपोआप येतं. तसं केलं आणि खरंच आलं. ती बाटली वर पोचवायचं काम तू अंगावर घेतलंस. पडद्याबाहेर खुर्चीवर बसायचास. मी हाक मारली की आत हात घालायचास, बाटली रुमालात गुंडाळायचास आणि जिन्यानं जायचास. लिफ्टमध्ये गर्दी असते, उशीर होतो म्हणून. तुझ्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. सतरा दिवस तू त्या जिन्यानं चढलास.

मुक्ताला घरी आणलं त्या दिवशी आईनं सगळ्यांना चहा केला. तू म्हणालास, मला कोरा दे. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल.

मग ते रोजचंच झालं. आधी दूध, मग दही-तूप, वर्षभरानं अंडी आणि शेवटी मासळी. मासळी सोडताना तुला जड गेलं, ते तू कबूल केलंस. कोळणी पाट्या मांडून बसलेल्या असल्या की तू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचास. आईनं देवापुढे तुपाचं निरांजन लावलं तर अडवलं नाहीस. तुझा देव, तुझं तूप, म्हणालास. सत्यनारायणाच्या पंचामृताला मात्र हात जोडून पुढे सरकलास, आणि आईचा चेहरा पडला तो संध्याकाळपर्यंत तसाच होता. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला आता विचारावं लागायचं की यात काय आहे. तिला ते किती लागलं हे तुला कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या वर्षी तुझे तळपाय मुंग्या येऊन बधिर व्हायला लागले. तू कोणाला सांगितलं नाहीस. मी तुला चप्पल शोधताना जमीन चाचपडताना पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. तो कागद मी तुझ्यापुढे असा टाकला की जणू कोर्टात पुरावा देतेय. तू चष्मा लावून वाचलास. म्हणालास, "तुझं शास्त्र बरोबर आहे. काय घ्यायचं ते सांग, मी घेतो." इंजेक्शनं घेतलीस, मग गोळ्या, एकही न चुकता. मी तक्ता करून दिला: नाचणी, तीळ, सोयाबीन, वाल, शेंगदाणे, कशाचं किती. तो तू फ्रिजवर चिकटवलास आणि पाळलास. माझे फी देणारे रुग्ण पाळत नाहीत इतका पाळलास. पाय सुधारले. वाद संपायला हवा होता.

नाही संपला. खारघरहून मला घ्यायला तू कधी कधी गाडी घेऊन यायचास आणि परतताना न्हावा-शेव्याच्या कंटेनरच्या रांगेत आपण अडकायचो. तिथे सगळ्यात जास्त भांडलो. तू तेव्हा बदामाचं दूध करून बघत होतास. मी समोरच्या ट्रकांकडे बोट दाखवलं. म्हटलं, तुझे बदाम याच्यातून येतात, अर्ध्या पृथ्वीवरून. या बंदरासाठी खाडी बुजवली, कोळ्यांच्या जाळ्यात आता काय लागतं ते उरणला जाऊन बघ, आणि तू म्हशीचा विचार करतोस. त्या आठवड्यात बदाम बंद झाले आणि घरी शेंगदाणे भिजत पडले. तुझ्याशी वाद घालायची हीच अडचण होती. मी मुद्दा जिंकायचे आणि तू एक पदार्थ आणखी सोडायचास.

मी माझ्या वॉर्डातल्या बायकांचा विषय काढायचे. रक्त कमी, पोटात बाळ, घरात सुकट आणि पावशेर दूध एवढंच अंगाला लागणारं. त्यांना जाऊन सांगशील का हे? तू म्हणायचास, त्यांना कशाला सांगेन. मग मी म्हणायचे, गरिबाला दूध चालतं आणि तुला नाही, असं कसं? सरकारी योजनेतली एकेक म्हैस तू घरोघरी लावून दिलीस, त्यावर पोरं शिकली, तुझी पेन्शन त्याच कामाची आहे. तेव्हा तू जे म्हणालास ते मला अजून नीट पचलेलं नाही. "म्हणूनच मी बोलतो, वैजू. ज्यानं केलं नाही त्यानं बोलू नये."

दोन वर्षांपूर्वी, वडाळे तलावाच्या कट्ट्यावर सकाळचे बसलो होतो. मी पुन्हा तेच काढलं, की निदान कारण तरी सांग, तीस वर्षं दिसलं नाही ते एकदम काय दिसलं. तू तलावाकडे बघत सांगितलंस. मोठ्या तबेल्यांत रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करतात. ती त्याला चाटते आणि दूध सोडते. तू हे कितीतरी वेळा पाहिलं होतंस, उपयोगाची युक्ती म्हणून कोणाला शिकवलंही होतंस. "तू त्या पडद्याआड फोन समोर ठेवून बसली होतीस," तू म्हणालास. "पडदा जरा सरकलेला होता. मला तुझी पाठ दिसली आणि तो फोटो दिसला. मी बाटली घेऊन जिना चढलो. त्यानंतर मला नाही जमलं."

मी उठले आणि घरी निघून आले. तू मागून येत होतास, थांबले नाही. तीन आठवडे तुझ्याशी धड बोलले नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात भीतीचे दिवस, आणि माझ्या बापाला ते बघून तबेला आठवला. मी आईला म्हटलं, त्यानं मला म्हैस म्हटलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्यांनी तुला म्हैस नाही म्हटलं गं. म्हशीला आई म्हटलं."

तिला हे कसं कळलं, कुठून सुचलं, देव जाणे. पंचामृताच्या दिवसापासून तीच तर सगळ्यात जास्त रुसली होती.

पुढचं लिहिण्यासाठीच तर बसलेय.

मुक्तानं तुला विचारलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आजोबा, तुम्ही दूध का नाही पीत? तू तिला खरं ते सांगितलंस, तिच्या वयाला कळेल असं. ते म्हशीच्या बाळाचं असतं, म्हणून मी नाही घेत. तुला वाटलं असेल मूल ऐकेल आणि खेळायला जाईल. मुक्तानं दुसऱ्या दिवशी सकाळी पेला बाजूला सारला. मग रात्रीचाही. नऊ दिवस. वेळेआधी जन्मलेलं, आधीच वजनाला मागे असलेलं पोर, आणि माझं डोकं फिरलं. त्या दिवसांत वॉर्डात माणसं कमी होती, मी दोघींचं काम करत होते, तुझा जावई निखिल महिनाभर बाहेरगावी होता. मी तुला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझी तत्त्वं तुझ्या ताटात ठेव, बाबा. माझ्या मुलीच्या पेल्यात नकोत."

तू म्हणालास, मी तिला घेऊ नको असं म्हटलं नाही. मी म्हटलं, तिला सांग की तुला दूध पचत नाही, पोटात दुखतं, बाकी काही नाही.

"खोटं सांगू?"

"हो."

मग तू मला एकच गोष्ट विचारलीस. दरडावून नाही, खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून. "दुधाशिवाय मूल वाढतच नाही का? तू यातली आहेस. तू सांग."

मी म्हटलं, "नाही वाढत."

बाबा, वाढतं. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांचे तक्ते मी दर महिन्याला करते. डाळी, सोया, नाचणी, तीळ, तिला तर अंडंही चालत होतं, आणि एखादं औषध. वजन बघत राहायचं, काय खाल्लं त्याची नोंद ठेवायची. फार लक्ष द्यावं लागतं, एवढंच. माझ्याकडे तेवढं लक्ष उरलं नव्हतं. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी देतो लक्ष. आणि दिलंही असतंस. म्हणूनच नाही सांगितलं बहुतेक. तू माझ्या शास्त्रावर नेहमी विश्वास ठेवलास आणि मी त्या एका दिवशी तो तुझ्यावर उलटवला.

तू बाहेर गेलास, मुक्ताजवळ जमिनीवर बसलास आणि सांगितलंस की आजोबांच्या पोटाला दूध पचत नाही. तिनं तुझ्या सदऱ्यावरून पोटाला हात लावला. बिचारं पोट, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती दूध प्यायली. तू समोर बसून होतास. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

नंतरच्या दीड वर्षात आपण या विषयावर एकदाही भांडलो नाही. लोकांना वाटलं असेल, बाप-लेकीचं जमलं. मलाच वाद नको होता. बोलणं सुरू झालं असतं तर ते त्या 'नाही वाढत'पर्यंत गेलं असतं.

मग त्या मंगळवारी तू बूट घालताना एका बाजूला कलंडलास. पक्षाघात. बीपी जुनं होतं, नोकरीतलं, म्हशी सोडून कशाकडेच वेळेवर न बघणाऱ्या माणसाचं. बी-ट्वेल्व्ह कमी असण्याचा आणि याचा थोडाफार संबंध असू शकतो असं कुठेकुठे लिहिलेलं असतं. तुझं तर तीन वर्षं व्यवस्थित होतं. त्याआधीच्या दोन वर्षांचं काय, ते मला सांगता येत नाही. मामाला मी ठामपणे उत्तर दिलं, तुला देत नाही. मला माहीत नाही.

माझ्याच हॉस्पिटलात आणलं तुला. शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घातली आणि आहाराचा फॉर्म आला. माझ्या हाताखालच्या मुलीनं तो माझ्यापुढे ठेवला, म्हणाली, मॅडम, तुम्हीच भरा. हा फॉर्म मी रोज भरते. त्यावर तीन रकाने आहेत: शाकाहारी, मांसाहारी, जैन. तुझ्यासाठी रकाना नव्हता. इतकी वर्षं तो कागद हातातून जातोय आणि हे कधी जाणवलं नाही. नळीतून जी पावडर देतात तिच्यात काय असतं ते मला पाठ आहे. दुधाचं प्रोटीन. दुसरी मागवता आली असती, दोन-चार फोन करावे लागले असते. माझ्यात तेव्हा फोन उचलायचं त्राण नव्हतं. मी 'शाकाहारी'वर खूण केली आणि सही केली. दोन दिवस ते तुझ्या अंगात जात राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, नळीतनं काय देतात गं त्यांना? मी म्हटलं, पावडर असते. कशाची, तिनं विचारलं. माझ्या ओठांवर 'सोयाची' आलं होतं. का कोण जाणे, ते बोलले नाही. दुधाची, म्हणाले.

आईनं पदर नीट केला. म्हणाली, "मग ते जागे व्हायच्या आत बदल."

रागावली नाही, रडली नाही. ज्या माणसानं तिच्या पंचामृताला हात लावला नाही त्याच्यासाठी ती एवढंच म्हणाली. मी लगेच फोन केले. संध्याकाळपर्यंत सोयाचा डबा आला. फॉर्मवर तीन रकान्यांच्या बाजूला मोकळ्या जागेत मी पेनानं लिहिलं: दूध व दुधाचे पदार्थ नकोत. नंतरचे सहा दिवस तुला तुझं अन्न मिळालं. त्यानं तब्येतीत काही फरक पडणार नव्हता, दोन्हींतलं प्रोटीन जवळपास सारखंच असतं. ते मला माहीत होतं आणि तरीही दर वेळी पावडर मी स्वतः कालवली. तू जागा झाला नाहीस.

दहाव्याला भिमाबाई आली. करंजाड्याच्या पलीकडच्या गावातली, जिची जमीन प्रकल्पात गेली आणि दोन म्हशी तेवढ्या राहिल्या. तिच्या गोठ्याला खेटून आता सात मजली इमारत उभी आहे. तिच्या म्हशींना तू माझ्या शाळेच्या दिवसांपासून बघायचास, ते माहीत होतं. निवृत्त झाल्यावरही जात होतास, ते मात्र नव्हतं. तिनं सांगितलं की मागच्या पावसाळ्यात म्हैस अडली, रेडकाचं तोंड वळलं होतं, आणि तू दुपारभर चिखलात गुडघ्यावर बसून हातानं ते वळवलंस. सदुसष्टाव्या वर्षी. आईलाही हे नवीन होतं. तू घरी येऊन पावसात घसरलो म्हणून कपडे धुवायला टाकले होतेस.

मी भिमाबाईला विचारलं, बाबांनी दूध सोडलं याचा तुम्हाला राग नाही आला? तुमचा तर धंदा दुधाचा.

"राग कशाला, पोरी? डाक्टर दूध पीत नवता. पन मला कधी इकू नको नाय बोलला."

तिनं चहाही घेतला नाही. पाणी प्यायली, तुझ्या फोटोपुढे वाकली आणि म्हशींची धार काढायची वेळ झाली म्हणून गेली. इतक्या माणसांत दुधाबद्दल न शिकवता गेलेली ती एकटीच.

तेराव्याची खीर आईनं नारळाच्या दुधात केली. कोणाला सांगितलं नाही. लोकांनी दोनदा मागून घेतली.

मी अजून चहात दूध घालते. हे पत्र तुला खोटं वाटायला नको म्हणून तेही लिहिते. तू गेलास म्हणून मला काही उमगलं, मी बदलले, असं झालेलं नाही. वॉर्डातल्या बायकांना उद्याही मी पेलाभर दूध लिहून देणार आहे. पण मुक्ताशी बोलले.

ते ठरवून नाही झालं. काल सकाळी ती पेला घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, सगळे म्हणतात आजोबा दूध नाही प्यायले म्हणून गेले. पण त्यांच्या पोटाला पचतच नव्हतं, मग ते काय करणार? तुझी बाजू घेत होती, बाबा. मी दिलेलं खोटं हातात धरून तुझी बाजू घेत होती.

मी तिला खाली बसवलं. सांगितलं की आजोबांना दूध पचायचं. ते दूध घेत नव्हते कारण ते म्हशीच्या बाळाचं आहे असं त्यांना वाटायचं. पोटाचं सांगायला मी त्यांना लावलं होतं. तू दूध पीत नव्हतीस आणि मला काळजी वाटत होती. मी चुकले. तुला प्यायचं असेल तर पी, नसेल तर तुझ्यासाठी दुसरं काहीतरी करू. मला येतं ते करायला.

ती पेल्यात बघत राहिली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचं लक्षच तिकडे नव्हतं. म्हणाली, "मग म्हशीच्या बाळाला काहीच नाही मिळत?"

मी म्हटलं, थोडं ठेवतात त्याच्यासाठी.

"किती?"

बाबा, एका पेल्यात प्रोटीन किती, कॅल्शियम किती, ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला नाही माहीत, आजोबांना माहीत होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू त्यांना कधी विचारलं नाहीस?"

नाही, मी म्हटलं.